अकलेचे तारे

लोकांना अॅप वापरताना त्रास होऊ नये, हे पाहायचे मला हिंजवडीत पैसे मिळतात. माझ्या हुद्द्याचे नाव एवढे लांब आहे की ते तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, अजून पाठ झालेले नाही. कुणी विचारलेच तर ते सांगतात, "पोरगं बटनं बसवतं." नारायणगावातला शिंपीही तेच करतो, त्यामुळे माझ्या पगाराबद्दल भावकीत बराच संशय आहे.

2022 च्या ऑगस्टमध्ये घरी गेलो, तर चहाच्या आधी मोबाइल हातात आला. "ई-पीक पाहणी करून दे. बटनंच हायती."

त्याच्या आदल्या वर्षी, 15 ऑगस्टला, ही योजना राज्यभर सुरू झाली होती. सातबाऱ्यावरचा पीकपेरा आता शेतकऱ्यानेच अॅपवर भरायचा; त्याआधी तो तलाठी लिहीत. शेतकऱ्याने फक्त "भाऊसाहेब आहेत का?" एवढे विचारायचे, बटण एकच. तसा आमचा जुन्नर तालुका सोप्या बटणांचाच. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहा: नाणे टाका, घाट उतरा. ओटीपी नाही, पासवर्ड नाही, आणि एवढ्या शतकांत दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली नाही.

ई-पीक पाहणीवर ती वर्षभरातच आली, 1 ऑगस्ट 2022 ला, शेतकऱ्यांच्या सूचना लक्षात घेऊन. 'सूचना' हा सरकारी शब्द. आमच्या पारावर त्याला जे म्हणत ते छापता येणार नाही. पण कुणीतरी त्या ओव्यांचे भाषांतर मोठ्या कौशल्याने केले होते, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. "चुकलं तर काय फाशी देता काय?" याचे झाले 48 तासांत एकदा दुरुस्ती. "माज्या रानात मी हुबा, आता आणिक साक्षीदार कुठनं आणू?" याचे झाले, शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित धरायची आणि तलाठ्यांनी फक्त 10 टक्के नोंदी पडताळायच्या. आमच्या ऑफिसात असल्या भाषांतराला तीन बैठका आणि रंगीत चिठ्ठ्यांची एक भिंत लागते.

दुय्यम पिकांच्या जागाही दोनाच्या तीन झाल्या होत्या. काकूचे माहेर आंबेगावातले, सातगाव पठारावरचे. बटाट्याच्या मुलखातली माणसे मोजून-मापून बोलतात. टोमॅटोच्या रानात तिने कडेने मका, मध्ये झेंडू आणि बांधालगत घेवडा लावलेला. आदल्या वर्षी घेवडा बेघर राहिला होता. मी म्हणालो, "काकू, यंदा घेवडाही बसला बघा, दुय्यममध्ये." ती चुलीवरून नजर न काढता म्हणाली, "टमाट्याचा भाव पडला की घर त्योच चालवतो. दुय्यम कुनी ठरवलं?" ही सूचना पुढे पाठवायला अॅपमध्ये जागा असेलही, घरातच तिला जागा नाही, तर अॅपला काय बोलायचे.

मग उसाचा गट. नव्या आवृत्तीत एक सोय अशी होती, की आपण गटाच्या मध्यबिंदूपासून लांब असलो तर तसा संदेश दिसे. तो दिसला. मध्यबिंदू दोन पुरुष उंचीच्या उसात होता. जुन्नरचा ऊस सातबाऱ्यावर शेतकऱ्याचा असला तरी वहिवाट बिबट्याची असते. तो तिथे जन्मतो, वाढतो आणि पिल्ले घालतो. (थट्टा पुरे, इथे माणसे गेलेली आहेत आणि तिन्हीसांजेला पोरांना कुणी अंगणात सोडत नाही.) तात्या बांधावरूनच म्हणाले, "त्याला सांग, मधी ज्याची वहिवाट हाय त्यालाच फोटू काढू दे."

फोटो मी बांधावरूनच काढला. पण रेंज जाई. आमच्या शेताच्या बांधावरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या अशा 30 तबकड्या. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगांची कुजबुज ऐकतात. रेडिओ लहरींचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली, हे मी शाळेच्या सहलीत ऐकले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी, फोन डोक्यावर धरून उभा असताना समजला.

शेवटी नोंद गेली. घरी येऊन पाहतो तर उसाच्या गटात मी टोमॅटो निवडलेला, आणि फोटोत अर्धा माझा अंगठा. उन्हात पडदा दिसत नव्हता, हे मी तात्यांना सांगून पाहिले. हीच सबब माझ्या अॅपबद्दल लोक सांगतात, तेव्हा मी 'वापरकर्त्याची चूक' असा शेरा मारतो.

"माजा आजा कागदावर अंगठा द्यायचा," तात्या म्हणाले. "तू शिकून फोटूत दिलास."

48 तासांतली एकुलती एक दुरुस्ती वापरून मी टोमॅटोचा ऊस केला. नव्या आवृत्तीत अॅपला तारे द्यायचीही सोय होती. पाचपैकी तात्यांनी चार दिले. एक का कापला म्हणून विचारले, तर माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "मार्केटात क्रेट आवडला म्हून कुनी पयल्या बोलीला पुरा भाव देतं का? पुढल्या साली काय मागायचं मग?"

मी धीर करून विचारले, "आणि बटणं बसवणाऱ्याला किती?"

त्यांनी तो अंगठ्याचा फोटो पुन्हा उघडला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि मोबाइल खिशात टाकला.

"48 तासांनी सांगतो."