फक्त ६९६९ नग!

चांद्रविजयाची पन्नाशी २०१९ मध्ये साजरी झाली, तेव्हा ओमेगानं स्टीलचं एक खास स्पीडमास्टर घड्याळ काढलं. मर्यादित आवृत्ती. किती मर्यादित? फक्त ६९६९ नग. १९६९ सालातला ६९ दोनदा लिहिला की झाला आकडा. सात हजारांना एकतीस कमी, आणि तेवढ्या एकतिसांच्या जोरावर उरलेली सगळी दुर्मिळ!

हे आकडे ठरतात कसे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मागणी किती, कारखान्याची ताकद किती, असले क्षुद्र हिशेब तिथे चालत नाहीत. अपोलो १३ ची मोहीम १४२ तास, ५४ मिनिटं, ४१ सेकंद चालली, म्हणून २००३ चं स्नूपी घड्याळ ५४४१ नगांचं. मोहीम १९७० ची, म्हणून २०१५ चं स्नूपी घड्याळ १९७० नगांचं. तीच मोहीम इसवी सन ५० मध्ये झाली असती तर घड्याळंही पन्नासच निघाली असती आणि ‘दुर्मिळ’ या शब्दाला जरा तरी अर्थ उरला असता.

स्नूपी इथे आला कुठून? कार्टूनमधला हा कुत्रा नासाचा लाडका. अंतराळवीरांचा जीव सांभाळणाऱ्यांना नासाचे अंतराळवीर स्वतः चांदीचा स्नूपी देतात. ओमेगाला तो ऑक्टोबर १९७० मध्ये मिळाला. अपोलो १३ चं यान अर्ध्या वाटेत लुळं पडलं, वीज वाचवायला यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या, आणि परतीच्या वाटेवर दिशा सुधारायला इंजिन नेमकं १४ सेकंद चालवायचं होतं. ते सेकंद अंतराळवीर जॅक स्विगर्टनं मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले. गोष्ट खरी आहे, अंगावर काटा आणणारी आहे, आणि बक्षीसही वाजवी आहे.

पण २०१५ च्या घड्याळाची तबकडी जवळ धरून बघा. शून्य ते चौदा सेकंदांच्या खुणांमध्ये बारीक अक्षरात प्रश्न छापलाय की चौदा सेकंदांत तुम्ही काय काय करू शकाल? (कार्ड स्वाइप करू शकाल, हे उत्तर अर्थातच छापलेलं नाही.) एका छोट्या तबकडीत स्नूपी पोट वर करून निवांत पहुडलाय. आणि दुसऱ्या छोट्या तबकडीत अपयश हा पर्यायच नाही अशा अर्थाचं ते सुप्रसिद्ध वाक्य. हे वाक्य १९७० मध्ये ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात कुणी उच्चारलंच नव्हतं. ते अपोलो १३ वरच्या १९९५ च्या चित्रपटाच्या पटकथाकारांचं. म्हणजे घड्याळ इतिहासाचं आणि संवाद हॉलिवूडचा. २०२० च्या स्नूपीत तर मजा मागच्या बाजूला आहे. सेकंदकाटा सुरू केला की स्नूपी यानात बसून चंद्रामागून फेरी मारतो. काटा थांबला की स्नूपीही थांबतो. मोठ्या माणसांच्या खेळण्याचं यापेक्षा प्रामाणिक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता मूळ घड्याळाकडे या, म्हणजे गंमत कळेल. १९५७ चं हे मॉडेल मोटारींच्या शर्यतीसाठी काढलेलं, दुकानात कुणालाही मिळणारं. अंतराळवीर वॉली शिरानं १९६२ मध्ये स्वतःचंच घालून पृथ्वीला प्रदक्षिणा घातल्या. पुढे नासानं कंपन्यांकडून घड्याळं मागवली आणि त्यांचे हाल हाल केले. ७१ अंश सेल्सियसला ४८ तास, वर ९३ अंशांना अर्धा तास. मग उणे १८ अंशांत चार तास. शिवाय धक्के, हादरे, दमट हवा, निर्वात पोकळी. बाकीची घड्याळं एकेक करून मान टाकत गेली. ओमेगा टिकलं, पण कसं? हवेचा दाब कमी करण्याच्या चाचणीत २१ मिनिटं पुढे गेलं, वेगवाढीच्या चाचणीत १५ मिनिटं मागे पडलं, आणि तबकडीवरचं चमकणारं द्रव्य उडालं. चालू राहिलं, एवढ्यावर १ मार्च १९६५ ला पास! एकवीस मिनिटांची ही खूण कुठल्याही खास आवृत्तीत कोरलेली दिसत नाही.

जे खरोखर चंद्रावर गेलं त्याचं काय झालं? आर्मस्ट्राँगनं आपलं घड्याळ यानातच ठेवलं, कारण तिथलं वेळ मोजायचं यंत्र बिघडलं होतं. चंद्राच्या मातीवर चाललं ते ऑल्ड्रिनच्या मनगटावरचं. ते पुढे स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवलं आणि वाटेतच गहाळ झालं. चंद्रावरून सुखरूप परत आलेली वस्तू पृथ्वीवरच्या पार्सलात हरवली. आजतागायत पत्ता नाही.

सोन्याची पहिली आवृत्ती चांद्रविजयाच्याच वर्षी, १९६९ मध्ये आली. १०१४ नग, आणि पहिला क्रमांक राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी. त्यांनी भेट फार मौल्यवान म्हणून नाकारली. निक्सनना शहाणपणासाठी शाबासकी देण्याचे प्रसंग फार नाहीत, हा एक नोंदवून ठेवावा. २०१९ मध्ये ओमेगानं सोन्याचीही नवी आवृत्ती काढली, आणि संख्या? पुन्हा १०१४ च!

आपल्याकडे आहेराच्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव नि तारीख कोरतात, तसा या घड्याळांच्या पाठीवर क्रमांक कोरतात. फरक इतकाच की पातेलं वापरतात. क्रमांकवालं घड्याळ तिजोरीत जातं, सोबत डबी, कागद आणि न काढलेला प्लास्टिकचा पापुद्रा. भाव चढला की विकायचं. चढला नाही तर ‘आम्ही पैशांसाठी घेतच नाही हो.’

मार्च २०२२ मध्ये स्पीडमास्टरचाच स्वॉचनं काढलेला २६० डॉलरचा अवतार आला. त्यात मर्यादा कसलीच नव्हती, कंपनीनंही तसं सांगितलं. तरी रांगा अशा लागल्या की लंडनमधली काही दुकानं पहिल्याच दिवशी बंद करावी लागली. मर्यादित असल्याची नुसती शंका पुरली.

या नादात खुद्द कंपनीही फसली, हे विशेष. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ चं एक स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकवर गेलं. घेणारं कोण? ओमेगाचंच संग्रहालय. २०२३ मध्ये कळलं की ते इकडचे तिकडचे सुटे भाग जोडून बनवलेलं होतं, आणि यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, असं कंपनीनंच जाहीर केलं.

आणि आता सेको कंपनीचं एक घड्याळ. बिल पोग या अंतराळवीरानं पिवळ्या तबकडीचं एक सेको ७१ डॉलरला स्वतः विकत घेतलं आणि १९७३ मध्ये नासाला न विचारता स्कायलॅब अंतराळस्थानकावर नेलं. ८४ दिवस ते अवकाशात फिरलं. ना मर्यादित आवृत्तीचा क्रमांक, ना कुत्रा. २००८ मध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा किंमत आली ५९७५ डॉलर. यानात बसलेल्या स्नूपीचं घड्याळ २०२० मध्ये दुकानात याहून महाग होतं.