सुलभाच्या नावाची वाइन

आमच्या चौघींपैकी सुलभाने उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही, आणि नाशिकला वाइन चाखायला जायचा हट्ट तिचाच. झालं असं, की माधुरीने ग्रुपवर माहिती टाकली : ‘सुला’ या वाइन कंपनीचं नाव तिचे संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या नावावरून आलंय, आणि आईचं नाव सुलभा. कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. “म्हणजे पंचवीस वर्षं माझ्या नावाची दारू विकली जातेय आणि मला आज कळतंय?” सुलभा फोनवर म्हणाली. सातबाऱ्यावर परस्पर कुणाचं नाव चढल्यावर माणूस बोलतो, तसा तिचा सूर होता.

त्यातून तिचं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग, आता भाऊ बघतो. म्हणजे नाव तिचं, द्राक्षं तिची. फक्त कारखाना दुसऱ्याचा. फेब्रुवारीतला शनिवार-रविवार ठरला.

घरी काय सांगायचं हा प्रश्न जिने तिने आपापल्या मगदुराप्रमाणे सोडवला. मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना सांगितलं, “त्र्यंबकेश्वरला जातोय.” हे खोटं नव्हतं, रविवारी सकाळी खरंच जायचं होतं. शनिवारबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. नीलाने नवऱ्याला खरं काय ते सांगितलं, तर तो बॅग भरून तयार. मग तिला सहल रद्द झाल्याचं सांगावं लागलं आणि शनिवारी पहाटे ती ‘योगा शिबिराला’ गेली.

डोंबिवलीहून सकाळी सहाला निघालो. गाडी सुलभाची आणि चालवणार सुलभाच, कारण पिणार नसलेली ती एकटीच. हा ठराव एकमताने झाला होता. सुलभाचं मत घ्यायचं राहून गेलं होतं एवढंच. समृद्धीने गेलो तर बोगद्यातून भुर्रकन इगतपुरी येते, पण नीलाला कसारा घाट बघायचा होता. घाटात तिने डोळे मिटून रामरक्षा म्हटली. माधुरी मागच्या सीटवर मोबाइलवर वाइनचे धडे गिरवत होती. इगतपुरी येईपर्यंत तिला ‘बॉडी’, ‘फिनिश’ आणि ‘नोज’ हे तीन शब्द अचूक जागी वापरता यायला लागले होते. “या बिस्किटाला फिनिश नाही,” ती म्हणाली.

नाशकात शिरल्यावर आमच्या हातून चूक झाली. अकरा वाजले होते, भूक लागली होती, आणि नाशकात येऊन मिसळ न खाता पुढे जाणं आम्हाला शोभलं नसतं. चुलीवरची मिसळ, काळ्या मसाल्याची तर्री, वर कांदा-लिंबू, शेवटी ताक. मी तर्री दोनदा मागून घेतली. माधुरीने तीनदा. नीलाला अ‍ॅसिडिटी, तिने तर्रीला बोटही लावलं नाही. मटकी आणि पाव खाऊन उठली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

‘सुला’त शनिवारची जत्रा भरली होती. मिशीवाल्या सूर्याच्या पाटीखाली सुलभाचे अकरा फोटो काढले. मग तिने दुकानात जाऊन, आधार कार्ड पुढे करून, नावात काही सवलत बसते का ते विचारलं. काउंटरवरचा मुलगा मनापासून हसला. सवलत बसली नाही. तिथल्या गर्दीत आपला नंबर लागायचा नाही हे ओळखून आम्ही गंगापूर धरणाच्याच परिसरातल्या एका लहान वायनरीत गेलो. समोर गोदावरीचं पाणी. हेच पाणी पुढे रामकुंडात जातं, तेव्हा तीर्थाचाही भाग झाला, असं नीलाचं म्हणणं पडलं.

तिथला गाइड पंचविशीतला, गोड बोलणारा मुलगा. तो आम्हाला आधी बागेत घेऊन गेला, आणि तिथे सुलभा जी उकिडवी बसली ती उठेना. वाइनची द्राक्षं मी पहिल्यांदाच बघत होते. मणी करवंदाएवढे, घड आवळून भरलेला. सुलभाने एक मणी तोंडात टाकला, साल चावली, बिया तळहातावर काढल्या. “तीन,” ती म्हणाली. मग घडाखाली हात घालून त्याचं वजन घेतलं. “आमच्याकडे असले मणी विरळणीत कात्रीने काढून टाकतात. दादा घड अन् घड जीएच्या पाण्यात बुडवतो, मणी फुगायला. एक्सपोर्टवाला मिलीमीटरमध्ये जाडी मोजतो. आणि तुम्ही हे बारकं, बियांचं विकत घेता?”

गाइड खुलला. वाइनला बारीकच मणी लागतो, तो म्हणाला. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा पांढराच असतो, लाल रंग येतो तो सालीतून. साल रसात राहू दिली की रेड, लगेच वेगळी केली की व्हाइट. सुलभाने एक काळा मणी चिमटीत फोडला. रस खरोखरच पाण्यासारखा निघाला. चाळीस वर्षं द्राक्षात काढलेली बाई, पण ती त्या थेंबाकडे एखाद्याने फसवल्यासारखी बघत राहिली.

“छाटणी?” तिने विचारलं.

“तुमच्यासारखीच. एप्रिलला खरड, ऑक्टोबरच्या आसपास गोडी.” युरोपात थंडीत वेल झोपते, इथे ती झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटायची आणि पीक एकदाच घ्यायचं, असं त्याने आम्हा तिघींना समजावलं. सुलभा मान डोलवत होती. मग अवकाळी, डाऊनी, भुरी, औषधांचे भाव अशी ती दोघं जी सुरू झाली, की उरलेल्या आम्ही चकल्या काढल्या.

चाखायला बसलो तेव्हा एक वाजून गेला होता. नीला पस्तीस वर्षं ट्रेझरीत होती. तिने आधी विचारलं, “महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो ना? १९४९ चा कायदा आहे.” आजूबाजूची चार टेबलं गप्प झाली. गाइडने एक दिवसाच्या परवान्याची सोय असते असं सांगितलं, तेव्हा कुठे नीलाने पेला हातात घेतला. पेल्यात वाइन म्हणाल तर बाळाला ग्राइप वॉटर देतात तेवढी.

पहिली सॉव्हिन्यों ब्लाँ. पेला गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट. “काय वास येतोय?” गाइडने विचारलं. माधुरीने डोळे मिटून “पॅशन फ्रूट” म्हटलं. हे फळ तिने आजवर पाहिलेलं नाही. मी खूप हुंगलं. मला काळा मसाला लागला. घोट घेतला, तोही काळा मसालाच. नीला जरा ओशाळून म्हणाली, “मला आपला ढोबळी मिरचीचा वास येतोय. माझंच काहीतरी चुकत असेल.”

गाइडने टाळी वाजवली. सॉव्हिन्यों ब्लाँची हीच तर खूण! पुढे शिराझ आली. माधुरी म्हणाली “बेरीज”, नीला म्हणाली “मिरी”, आणि पुन्हा नीलाच बरोबर. लाल वाइनने जीभ का आवळते, तर टॅनिनमुळे, असं गाइड सांगायला लागला. नीलाने मध्येच “म्हणजे कच्ची सुपारी” म्हणून विषय संपवला. शेवटची गोड वाइन तिला द्राक्षासवासारखी लागली आणि दुसऱ्या बाळंतपणाची सगळी हकिगत आम्ही ऐकली. माधुरी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही.

राहिली सुलभा. गाडी चालवायची, पण चव तर घ्यायचीय. गाइडने टेबलावरचं एक भांडं पुढे केलं : चाखा आणि यात थुंका, जाणकार असंच करतात. आम्ही शहारलो. तोंडातला घास टाकू नये या वळणावर वाढलेल्या बायका आम्ही. सुलभाने घोट तोंडात घोळवला, ओठांचा चंबू केला आणि हातभर लांबून भांड्याच्या बरोबर मध्यावर सणसणीत धार सोडली. टेबलावर थेंब नाही. गाइड उठून उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही या क्षेत्रातल्या आहात का?”

“नाही हो,” सुलभा ओठ पुसत म्हणाली, “आमचे आजोबा पान खायचे.”

पाचही वाइन तिने तशाच चाखल्या, शेजारच्या टेबलावरचं पुण्याचं एक टोळकं व्हिडिओ काढत असताना. मग तिने बाहेर जाऊन भावाला फोन लावला. पंधरा मिनिटं ‘टनाला किती’, ‘करार किती वर्षांचा’ असं चाललं होतं. भाऊ म्हणाला, आधी तू किती घेतलीस ते सांग.

रविवारी त्र्यंबकेश्वरला तीन तास रांगेत उभ्या राहिलो. सासूबाईंना प्रसाद नेला, आणि बाटली कपाटात साड्यांमागे ठेवली.

जाणार असाल तर जानेवारीअखेर ते मार्च या काळात जा, घड वेलीवर बघायला मिळतात. मिसळ नंतर खा. आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत, आणि गाडी माधुरी चालवणार आहे. सुलभाने तसं ग्रुपवर कळवलंय. माधुरीचं मत घ्यायचं राहून गेलंय.