घाटाचा गुडघा

आमच्या सोसायटीत गुडघे दुखणारी माणसं मोजली तर अकरा भरतील. पण नुसतं 'गुडघा' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते नाना. बाकी दहा जणांची दुखणी लिफ्ट बंद पडली की बाहेर येतात आणि लिफ्ट चालू झाली की पुन्हा घरात जातात. नानांचं दुखणं रविवारी सकाळी साडेनवाला, हेल्मेट घालून, मिसळ खाऊन गेटातून आत येतं, वॉचमनपाशी थांबतं, "आज 55" असं म्हणतं आणि मग लंगडायला लागतं. गेटाबाहेर नानांना लंगडताना परवापर्यंत कुणी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या मजल्यावरचे आप्पा एकदा बरोबरीच्या नात्यानं म्हणाले, "माझाही उजवाच हो, नाना." नानांनी आधी आप्पांकडे पाहिलं, मग त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे, आणि सगळ्यात शेवटी गुडघ्याकडे.

"तुमचा बैठा गुडघा, आप्पा," ते म्हणाले. "माझा घाटाचा."

नाना प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकात 'प्रेस' म्हटलं की कुठली ते विचारायचं नसतं, नाशिकरोडची, नोटांची. उभा जन्म दुसऱ्याचे पैसे मोजण्यात गेल्यामुळे मोजण्याचा नाद त्यांच्या हाताला लागला तो लागलाच. ताटातल्या पोळ्या, जिन्याच्या पायऱ्या, काकूंनी माहेरी केलेले फोन, सगळं मोजलेलं असतं. काकू म्हणतात, लग्नात अंगावर पडलेल्या अक्षता तेवढ्या मोजायच्या राहिल्या, आणि तेही भटजींनी घाई केली म्हणून.

अशा माणसाच्या हातात सायकल यायला नको होती. पण 2015 साली नाशिकच्या महाजन बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र या दोघा डॉक्टरांनी, 'रेस ॲक्रॉस अमेरिका' नावाची समुद्रापासून समुद्रापर्यंतची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली, आणि नंतर हे गाव जे सायकलीवर बसलं ते अजून उतरलेलं नाही. पहाटे गंगापूर रोडला उभं राहिलं तर घट्ट कपड्यांतले दाताचे, डोळ्यांचे, हाडांचे डॉक्टर थव्यानं जाताना दिसतात. त्या वेळेला दवाखान्यात जाण्यापेक्षा रस्त्यावर आजारी पडणं सोयीचं. आषाढीच्या सुमाराला इथून सायकलवर पंढरपूरला जाणारे आहेत, त्र्यंबकेश्वरला रोज जाऊन येणारे आहेत. नाना निवृत्त झाले तेव्हा काकूंच्या मनात पाटल्या होत्या. नानांनी सायकल आणली. 28,000 रुपयांची. पुढे तीन चकत्या, मागे सात, एकूण गिअर 21. त्यांतला नाना एकच वापरतात. सगळ्यात जड.

यामागे त्यांचा हिशोब आहे, आणि तो ते विचारल्याशिवाय सांगतात. "माणूस मिनिटाला 80 वेळा पायडल फिरवतो असं धर. तासाला किती झाले? 4,800. म्हणजे एका तासात एक गुडघा 4,800 वेळा वाकतो. मी जड गिअरवर मिनिटाला 50 मारतो. तासाला 3,000. अंतर तेवढंच. वाचले किती?"

"अठराशे," मी म्हणालो.

"एका गुडघ्याचे. आणि गुडघे किती?"

रोज तासाला 3,600 वाकणी वाचवणाऱ्या या माणसाचा गुडघा तिसऱ्याच महिन्यात दुखायला लागला. प्रत्येक वाकण्याला किती भार पडतो हा रकाना त्यांच्या वहीत नव्हता. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरले तर गुडघ्याला सुसह्य होतं. जड गिअरवर प्रत्येक फेरी म्हणजे एकेक जिना चढणं. पण हलका गिअर टाकणं ही नानांच्या मते माघार. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा अख्खा घाट त्यांनी त्याच एका गिअरवर, दात-ओठ खात, वाटेत देवीला चार वेळा हाक मारत चढला. देवी पावली. गुडघा रुसला.

दुखायचं ते पुढून, वाटीच्या मागे. जिना चढताना कमी, उतरताना जास्त, आणि बराच वेळ पाय दुमडून बसलं की सर्वांत जास्त. कालिदास कलामंदिरात नाटकाला गेलो तेव्हा पहिल्या अंकाच्या मध्यावर नानांनी उजवा पाय मधल्या वाटेत लांब सोडला. अंधारात त्याला अडखळून तिघं गेले. तिघांनीही माफी मागितली आणि तिघांनाही मध्यंतरात घाट ऐकावा लागला.

दुखणं सुरू झाल्यावर माणूस साधारणपणे औषध शोधतो. नानांनी आधी घराणं शोधलं. मोबाइलवर शोधता शोधता त्यांना फ्रान्सचा एक सायकलपटू सापडला, बेर्नार इनो. पाच वेळा 'टूर द फ्रान्स' जिंकलेला. 1980 साली हा गडी शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होता, आघाडीवाल्याची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती, आणि गुडघ्यानं त्याला असा दगा दिला की पो नावाच्या गावातून रात्रीच्या वेळी तो शर्यत सोडून निघून गेला. ती शर्यत मग हॉलंडच्या झूटमेल्कनं जिंकली. पण इनो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पिवळी जर्सी घालायचं झूटमेल्कनं नाकारलं. हा भाग सांगताना नानांचा आवाज भरून येतो. सोसायटीच्या सहलीला ते आले नाहीत तेव्हा रिकाम्या सीटवर कुणी बसू नये अशी त्यांची अपेक्षा असावी.

"इनोला हेच झालं होतं," ते जेवताना म्हणाले.

"इनो पोटासाठी घेतात," काकू म्हणाल्या. "गुडघ्याला काय उपयोग?"

त्या दिवसापासून काकूंनी डब्यात इनोच्या पुड्या ठेवायला सुरुवात केली. मिसळीचं प्रमाण पाहता त्या वायाही गेल्या नाहीत.

उपायांचं म्हणाल तर सगळं झालं. महानारायण तेल, लसूण जाळलेलं तिळाचं तेल, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, गरम करून बांधलेलं एरंडाचं पान, आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप. डिंकाचे लाडू झाले, मेथीचे झाले. लाडवांनी वजन वाढलं ते गुडघ्यानंच उचललं. बर्फ लावायचा की शेकायचं यावर त्यांच्या सायकलवाल्या मित्रांत दोन तट पडले, तेव्हा नानांनी कुणाचंच मन न मोडता सकाळी बर्फ आणि रात्री शेक सुरू केला. लवचीक पट्टे आले: एक साधा, एक वाटीला भोक असलेला, एक नुसताच वाटीखाली बांधायचा. तिन्ही पट्टे बाल्कनीत दोरीवर वाळत पडले की खालच्या पोरांना वाटायचं घरात पैलवान आलाय.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून "वयाच्या मानानं ठीक आहे" एवढंच सांगितलं. नाना दुखावले. वयाच्या मानानं ठीक असायला त्यांनी गड चढला नव्हता. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली देऊन ती दाबायला आणि दहा मोजायला शिकवलं, आणि जाताना म्हणाल्या, "काका, एकदा सायकल घेऊन या, तुम्ही बसता कसे ते बघू." व्यायाम नानांनी मनापासून केला, कारण त्यात मोजायचं होतं. सायकल मात्र नेली नाही. "दुखतोय गुडघा आणि सायकल काय तपासता?" असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. इतक्या लोकांनी तो गुडघा दाबून, वाकवून, फोटो काढून पाहिला. ज्या वस्तूनं तो दुखावला ती खाली पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून उभी होती, तिला कुणी काही विचारलं नाही.

तिला विचारलं ते शेवटी पंक्चर काढणाऱ्या मामांनी. मामांचं दुकान म्हणजे एका वडाच्या बुंध्याशी एक पाण्याची घमेली, एक पंप आणि लोंबकळणाऱ्या ट्यूबा. नाना पंक्चर काढायला गेले, मी सोबत होतो. पंक्चर निघालं, नाना सायकलवर बसून चार पायडलं मारून गेले, तोच मामांनी हाक मारली.

"ओ काका, परत या. गुडघे कानाला लागतात की तुमचे."

नाना थांबले. दोन्ही तळवे रस्त्यावर सपाट टेकवून, खुर्चीत बसल्यासारखे.

"सीट किती खाली केलीये ही?" मामा म्हणाले. "पोरगं बसायचं का हिच्यावर?"

मामांनी सायकल झाडाला टेकवली, नानांना वर बसवलं, टाच पायडलवर ठेवायला लावली आणि पायडल तळाला नेलं. टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हायला पाहिजे, म्हणजे मग चवडा ठेवून चालवताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. नानांचा पाय तळाशीही चांगलाच दुमडलेला होता. एवढ्या दुमडलेल्या पायानं जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि दाबत दाबत गड चढला तर ती बोलणारच. हे मी नंतर वाचलं. मामांनी एवढंच सांगितलं, "पुढून दुखलं तर सीट वर. मागून दुखलं तर सीट खाली. आमच्या उस्तादांनी शिकवलं."

"वर केली तर पाय टेकत नाहीत," नाना म्हणाले.

"पाय पायडलवर टेकायचे. रस्त्यावर कशाला?"

नाना काही बोलले नाहीत. परत येताना त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या कुठल्याही घाटापेक्षा मला जास्त लक्षात राहिलं. निफाडला काकांची दांड्याची मोठी सायकल होती. त्या वेळी पोरांनी दांड्याखालून पाय घालून, कैची मारतच शिकायचं. पुढे सीटवर चढले तरी पाय जमिनीला लागायचे नाहीत. चढायला कट्टा लागायचा आणि उतरायलाही कट्टाच लागायचा. कट्टा आला नाही तर सायकल पुढे जात राहायची. अशाच एका दुपारी ती एसटी स्टँडपर्यंत गेली. तिथे कट्टा होता, पण त्यावर शाळेतल्या मुली बसल्या होत्या. नाना पडले ते त्यांच्या पायांशी, शेंगदाण्याच्या टोपलीत. त्या दिवशी त्यांनी ठरवलं: स्वतःची सायकल घेईन तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर असतील.

पन्नास वर्षांनी, 28,000 रुपये मोजून त्यांनी ते करून दाखवलं होतं.

मामांनी सीट तीन बोटं वर घेतली. एक लहानशी चावी, दोन पिळे, आणि कुठवर ते विसरू नये म्हणून नळीवर खिळ्यानं एक रेघ. पैसे पंक्चरचेच घेतले. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांड्यावर उतरायचं आणि एकच पाय टेकायचा, हेही शिकवलं. नाना आठवडाभर अशोक स्तंभाच्या सिग्नलला थोडे अलीकडेच उतरून सायकल हातात धरून चालत होते. मग जमलं. मामांच्याच सांगण्यावरून एक हलका गिअरही त्यांनी, कुणी बघत नाही असं पाहून, वापरला. महिन्याभरात गुडघा थांबला.

आणि नाना सुकले. वॉचमनला "आज 60" म्हटलं की तो "बरं" म्हणायचा. पुढे विचारायला काही उरलं नव्हतं. मिसळीच्या टेबलाला पाय लांब करता यावा म्हणून कडेची खुर्ची त्यांच्यासाठी राखलेली असायची, ती एका नव्या मुलाला मिळाली. त्याला घोट्याला काहीतरी झालं होतं. आप्पा एकदा म्हणाले, "नाना, आता तुमचं बरं आहे बुवा," तर नाना दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. इनोचं नावही निघेनासं झालं, दोन्ही अर्थांनी. घरात तिन्ही पट्टे दिसेनात. काकूंनी एकदा नुसतंच सांगितलं, "हल्ली जेवताना शांत असतात."

परवाच्या रविवारी मी गॅलरीत उभा होतो. साडेनऊ वाजून गेले, पावणेदहा झाले. रस्त्याच्या वळणावर नाना दिसले, सायकल हातात धरून. गेट अजून लांब होतं आणि नाना लंगडत होते. चेहऱ्यावर जुना तजेला.

मी खाली पळालो. "काय झालं?"

"मागून," नाना म्हणाले.

मी सीटकडे पाहिलं. मामांची रेघ चांगली दोन बोटं वर येऊन उघडी पडली होती.

"ग्रुपमधल्या पोरांच्या बघ ना," ते म्हणाले, "किती वर असतात."

काकू बाल्कनीत आल्या होत्या. त्यांनी वाटीला भोक असलेला पट्टा हातात धरून वरूनच दाखवला, धुतलेला, घडी घातलेला.

"फेकला नव्हताच मी," त्या म्हणाल्या, आणि तेल तापवायला आत गेल्या.