चाळीस माणसांत लगन, तेही तलावाच्या पाळीवर!

ऐकलंत ना? पोरगी भंडाऱ्याची, पोरगा तुमसरचा, दोघंही पुण्यात नोकरीला. बाप धडधाकट, खिसा भरलेला, लॉनवाला ओळखीचा. आणि लगन कुठे? तलावाच्या पाळीवर, उघड्यावर! माणसं किती? दोन्हीकडची मिळून चाळीस! बाप्पा रे, चाळीस जण तर आमच्याकडे वरातीत धुमालपुढे नाचायलाच लागतात.

एकाच घरची गोष्ट असती तर ‘पुण्याचं पाणी लागलं’ म्हणून सोडून दिली असती. पण ही साथ आहे. कुणाला वैनगंगेचा काठ हवा, कुणाला गोसेखुर्दचं बॅकवॉटर, कुणाला रावणवाडीचं धरण. एका नवरदेवाने म्हणे आंबागडाचं नाव काढलं. तो किल्ला 1700 च्या आसपासचा, पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. तेव्हा लग्नासाठी जागा अगदीच गैर होती असं मी म्हणणार नाही. पण किल्ल्याचं नाव जपून घ्यावं. 2019 मध्ये राज्यातले काही किल्ले हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी द्यायचा बेत असल्याची बातमी फुटली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र खवळला होता आणि सरकारला खुलासे करत बसावं लागलं होतं.

मुहूर्त विचाराल तर कपाळाला हात लावाल. पौष! का, तर पौषात थंडी गोड, लॉनवाले-बिछायतवाले रिकामे आणि विवाह अधिकाऱ्याला पौष लागत नाही. होय, विवाह अधिकारी. भटजींना सुट्टी. 1954 चा विशेष विवाह कायदा यांनी पाठ केलाय. जादा फी भरली की विवाह अधिकारी वाजवी अंतरातल्या हव्या त्या ठिकाणी येऊन लग्न लावू शकतो म्हणे. तीन साक्षीदार पुरतात. त्यातली गंमत मात्र पोरांच्या ध्यानात उशिरा आली: तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा जागी चिकटवतात, कुणाचा आक्षेप असेल तर त्याने घ्यावा म्हणून. म्हणजे ज्या लग्नाची पत्रिका नवरीच्या चुलत मामांना नाही, ते लग्न सरकारी भिंतीवर जाहीर! मामा भिंत वाचून आले. त्यांचा आक्षेप जेवणाबद्दल होता, आणि तो कायद्यात बसत नाही.

खरी बोंब आहेराची. पत्रिकेवर (तीही मोबाईलवरच आली) ‘आहेर आणू नये’. आपल्या भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात, माय! इथल्या गुंड्या नि परातींनी किती संसार उभे केले, आणि याच गावची पोरगी म्हणते भांडं नको. त्याहून कळीची गोष्ट म्हणजे घराघरांतली आहेराची वही. मुलीच्या बापाने उभ्या आयुष्यात ज्याच्या-त्याच्या मांडवात जाऊन जे दिलं, ते सगळं त्या-त्या घरच्या वहीत लिहिलेलं आहे. ते फिटायचं कुठे? याच मांडवात. आता मांडवच नाही, तर बुडालंच की! आणि ज्यांना परत करायचं होतं त्यांचीही झोप गेलीय. ऋणात राहणं आपल्याकडे अपमानाचं. दोन काका म्हणे लिफाफे घेऊन घरी गेले, तर पोरीने हात जोडून परत पाठवले. एका काकूंनी मग नवरीच्या घरच्या नातवाच्या हातावर पैसे खाऊ म्हणून ठेवले. त्या नातवाचा खिसा या वर्षी गावात सगळ्यात जड आहे.

उघड्यावर लग्न, याचं कौतुक मात्र आम्हा म्हाताऱ्यांना सांगू नका. आमचं कुठे एसी हॉलात झालं? दारापुढे जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, धान कापलेल्या बांधीत पंगती, वर आभाळ. साधेपणाचा शोधही यांचा नाही. भटजीविना लग्न सत्यशोधक समाजाने 1873 मध्येच लावून दाखवलं. 1956 च्या दीक्षेनंतर इथल्या किती वस्त्यांत पांढऱ्या साडीत, पंचशील म्हणत, तासाभरात लग्नं लागली. पण तिथे अख्खी वस्ती जेवून उठत होती. कोरोनात, एप्रिल 2021 मध्ये, सरकारने पंचवीस माणसं, दोन तास आणि मोडल्यास पन्नास हजार दंड, असा फतवा काढला तेव्हा आम्ही रडलो. आता तेच पोरं हौसेनं मागून घेतात, वर फोटोवाल्याला दंडाहून जास्त देतात.

बरं, नगर परिषदेकडे अर्ज झाला, पोलिसांचा कागद झाला, रात्री दहानंतर भोंगा नाही हेही कबूल. पण एका गोष्टीचा अर्ज कुणी केलेला नाही. लॉनला गेट असतं, पाळीला नसतं. गेटवर माणूस उभा करून ‘तुमचं नाव यादीत नाही’ म्हणता येतं. तलावावर म्हणून दाखवा! सकाळ-संध्याकाळ चकरा मारणारे पेन्शनर गुरुजी आहेत, गुपचुपवाला आहे, गळ टाकून बसलेली पोरं आहेत. हार घालताना ही सगळी मंडळी हातातलं टाकून येणार, कुणीतरी ‘कुणाची गं तू?’ विचारणार, आणि दोन मिनिटांत नातं निघणार. भंडाऱ्यात नातं निघत नाही असा माणूस मला अजून दाखवा. नातं निघालं की त्याला उपाशी कसं पाठवाल? केटरिंगवाला इथलाच, जाणता. त्याने चाळीसची ऑर्डर घेतली आणि दीडशेचा तांदूळ भिजवायचं ठरवलंय, असं त्याच्याच घरून कळलं.

आम्हाला निरोप नाही, आणि त्याचं मला काहीच वाटत नाही. फिरायला मात्र डॉक्टरांनी सांगितलंय. आंधळगावची कोशाची साडी नेसून फिरू नये असं काही ते बोललेले नाहीत. तुम्ही येता का? साडेपाचला निघू, म्हणजे जागा पुढची मिळेल.