बॅटरी नीट धर

ओव्हनचा एलिमेंट मी बदलला. वाक्य छोटं आहे म्हणून भरकन पुढे जाऊ नये. घरात सांगून झालं, लिफ्टमध्ये सांगून झालं, भाजीवाल्यालाही सांगितलं. त्याने "बरं झालं" म्हणून कोथिंबिरीची जुडी पुढे केली. आता वाचकच तेवढे उरले होते.

तर नानकटाई वरून छान तांबूस आणि खालून कच्ची निघाली. याचा अर्थ खालची आच गेली. ओव्हनच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने मॉडेल नंबर विचारला, बिघाड विचारला, आणि मी "बहुतेक खालचा एलिमेंट ओपन झालाय" म्हटल्यावर तो क्षणभर थांबून म्हणाला, "सर आहेत का घरात?"

सर होते. झोपले होते. ओव्हनविषयी सरांना एवढंच ठाऊक आहे, की त्यातून नानकटाई निघते.

मग कळलं, की या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका. म्हणजे वीतभर सळईसाठी अख्खा ओव्हन भंगारात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, ग्राहकाला सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून. तेव्हा पेपरातली बातमी मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली होती. पण हक्क असून भागत नाही, समोरच्याने आपल्याला माणसात धरावं लागतं. मी फोन ठेवला आणि प्लग काढला.

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडून मल्टिमीटर मागून आणला. त्याने "काकांना हवाय का?" असं विचारलं, तेही पोटात घातलं. मागचा पत्रा काढला, वायरींचे मोबाइलवर फोटो घेतले. आमच्या ओव्हनमध्ये खाली दोन सळया आहेत आणि त्या सिरीजमध्ये जोडलेल्या आहेत. त्यामुळे एक गेली की दुसरी धडधाकट असूनही थंड. हे ऐकून नवरा जरा गंभीर झाला. एका सळईने मीटरवर ३३ ओहम दाखवले. दुसरीने डाव्या कोपऱ्यात नुसता एक. वाट बंद. बारकाईने पाहिलं तर तिच्या पोटावर एक फोड आला होता, फुटला होता, आणि त्यातून चिमूटभर पांढरी भुकटी बाहेर आली होती.

ती भुकटी मॅग्नेशियम ऑक्साइडची. आत नायक्रोमची तार, भोवती ही भुकटी ठासलेली, वर स्टीलची नळी. भुकटीचा गुण असा, की ती उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. अवगुण असा, की ती हवेतलं पाणी ओढते. म्हणून पावसाळाभर बंद ठेवलेला ओव्हन गणपतीत लावला, की कधीकधी घराचा ईएलसीबी उडतो. आणि नायक्रोम! निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू, अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी लाल होईपर्यंत तापवलेली तार हवेने खाऊन टाकायची. ही तार तापली, की तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच तिला पुढे गंजू देत नाही. ही सगळी माहिती मी जेवताना सांगितली. नवऱ्याने ताक मागितलं.

आता इथे शेगडीबद्दल लिहायलाच हवं. ओव्हन राहू दे तसाच उघडा. प्लग काढलेला आहे.

साताऱ्याला आम्ही वाड्यात भाड्याने राहत होतो. गॅसला नंबर लावून वर्षं उलटलेली, रॉकेल रेशनवर. म्हणून बाबांनी कॉइलची शेगडी आणली. पांढऱ्या मातीची गोल थाळी, तिच्यात नागमोडी खाच, खाचेत स्प्रिंग. बटण दाबलं की आधी काहीच व्हायचं नाही. मग खाचेच्या तळाशी काळपट लाली दिसायची, मग ती चढत चढत भडक नारिंगी व्हायची. पातेलं उतरवायचं तर आधी बटण बंद, मग सांडशी, हा आमच्या घरातला पहिला कायदा. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा जागच्या जागी मिळत असे, कारण ती तार उघडी होती.

पण शेगडीची खरी गंमत स्वयंपाकघरात नव्हतीच, ती घरमालकांच्या ओसरीवर होती. वाड्याला मीटर एकच आणि तो त्यांच्या डोक्यावर. वीज आमच्या भाड्यातच धरलेली. कारण भाडं ठरलं तेव्हा आम्ही दोन दिवे आणि एक रेडिओ एवढेच होतो. शेगडी लागली, की वाड्यातले सगळे बल्ब किंचित मान टाकायचे आणि मीटरमधली ॲल्युमिनियमची चकती गरगरायला लागायची. चकतीच्या कडेला एक लाल खूण असते. घरमालक आरामखुर्चीत बसून त्या खुणेचे फेरे मोजत. थोड्या वेळाने हाक यायची, "काय वहिनी, पाहुणे आलेत वाटतं?" आई शांतपणे उत्तर द्यायची, "इस्त्री करतेय." रात्रीचे आठ वाजलेले, अख्ख्या चौकात आमटीच्या फोडणीचा वास. घरमालकही भले, की "कशाची इस्त्री? हिंग फार छान पडलाय" एवढंच म्हणून पुन्हा चकतीकडे बघत बसायचे. पुढे पुढे आई आमटीची वाटी ओसरीवर पाठवू लागली. त्या दिवशी चकती कितीही फिरो, पाहुणे यायचे नाहीत.

कॉइल अधूनमधून तुटायची. मग रात्री जेवणं झाल्यावर बाबा शेगडी उलटी-सुलटी करत बसत. तुटलेली टोकं पकडीने ओढून एकमेकांत अडकवायची, पीळ द्यायचा, पुन्हा खाचेत दाबायची. प्रत्येक वेळी थोडी तार जळून कमी झालेली असायची. तार आखूड झाली की तिचा रोध कमी होतो, वीज जास्त वाहते आणि आच वाढते. म्हणजे आमची शेगडी वयाबरोबर तापट होत गेली. नवी होती तेव्हा भाताला युगं लागायची. शेवटी शेवटी भात खाली लागायचा. आणि तार पुन्हा तुटायची ती बहुतेक सांध्यापाशीच.

या कामात बाबांच्या उजव्या हाताला पकड घेऊन धाकटा भाऊ बसायचा आणि डाव्या हाताला मी. माझ्याकडे बॅटरी. भाऊ पेंगायचा, त्याच्या हातातून पकड पडायची, पण "शिकून घे, उद्या घरात उपयोगी पडेल" हे त्यालाच सांगितलं जायचं. मला एकच वाक्य: "बॅटरी नीट धर." घर माझंही असणार होतं, त्यातही काही ना काही जळणार होतं. पण ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझा बाबांवर राग नाही असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. थोडा आहे. त्यांच्या काळाकडे बोट दाखवून तो जात नाही, कारण त्यांच्या काळात मीही होते आणि मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

फक्त एक हिशेब त्या व्यवस्थेत चुकला होता. बॅटरी धरणाऱ्याला काम जिथे चाललंय तिथेच बघावं लागतं. पेंगता येत नाही, इकडेतिकडे बघता येत नाही, उजेड हलला की ओरडा बसतो. भावाच्या हातात पकड होती आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळी विद्या.

बाबांना हे कळलं होतं का, मला माहीत नाही. लग्नानंतर सासरी ट्रंक उघडली, तर साड्यांच्या घडीत एक टेस्टर निघाला. रुखवतात नव्हता, तिथे काचेच्या मण्यांचे मोर होते. टेस्टरभोवती कागद गुंडाळलेला, त्यावर बाबांच्या अक्षरात: आधी मेन बंद करावे. बस्स. तो टेस्टर अजून चालतो आणि मेन मी अजून आधी बंद करते.

असो. ओव्हन उघडा आहे.

जळकी सळई पिशवीत घालून बुधवारात तपकीर गल्ली गाठली. दुकानदाराने विचारलं, "कुणी बसवणार आहे?" म्हटलं, "समोर उभी आहे ती." त्याने सळई हातात घेतली, पट्टी लावली, टोकं बघितली आणि न बोलता आत गेला. पुण्यात याला मान देणं म्हणतात. बाहेर आला तो ११५ व्होल्ट, ४०० वॅटची सळई घेऊन. किंमत भेळेच्या दोन-तीन प्लेटींइतकी. मी तिथेच काउंटरवर मीटर लावला, ३३ ओहम. मग टोक आणि नळी यांत वीज जात नाही ना, तेही पाहिलं. रांगेतले दोघे इलेक्ट्रिशियन बघत होते, म्हणून पुन्हा एकदा पाहिलं.

घरी आल्यावर नवऱ्याला बॅटरी दिली. गंजलेला स्क्रू निघेना, उजेड हळूहळू खिडकीकडे सरकू लागला; बाहेर मांजर होतं. "अहो, नीट धरा!" माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो थेट साताऱ्याचा होता. फार बरं वाटलं. थिंबल घट्ट बसवले, फायबरची स्लीव्ह चढवली, पत्रा लावला, बॉडी आणि प्लगची अर्थिंगची पिन एकमेकांना जोडलेल्या आहेत हे तपासलं. ओव्हन रिकामा चालू केला. पहिल्या वेळी धूर येईल, नव्या नळीवरचं तेल जळतं, हे मी आधीच जाहीर केलं होतं. तरी धूर आल्याबरोबर "जळतंय, जळतंय!" झालंच. "जळू दे," मी म्हणाले. हे दोन शब्द इतक्या ऐटीत म्हणायची संधी बाईला क्वचित मिळते.

दोन्ही सळया लाल झाल्या. नानकटाई खालूनही खरपूस निघाली. पहिली तोंडात टाकून नवरा म्हणाला, "वेलदोडा जरा जास्त झालाय." परदेशातल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आई, अर्थिंग चेक केलंस ना?" दुरुस्तीचं हे असं असतं. ती जितकी चांगली जमते तितकी वस्तू पूर्वीसारखी दिसते, आणि पूर्वीसारख्या दिसणाऱ्या वस्तूचं कुणी कौतुक करत नाही. त्यामुळे मी नातेवाइकांकडे गेले की गिझर किती वर्षांचा आहे याची आपुलकीने चौकशी करते. वन्संनी त्यांचा घरघरणारा मिक्सर कपाटात लपवल्याचं माझ्या कानावर आलं आहे.

भाऊ ट्यूब बदलायलाही इलेक्ट्रिशियन बोलावतो. परवा त्याचा फोन आला, "ताई, भाऊबीजेला काय हवं?" मी म्हटलं, "मल्टिमीटर. चांगल्यातला."

"दाजींना हवाय का?"

"मल्टिमीटर मला," मी म्हटलं. "दाजींना बॅटरी आण. आणि एक स्वतःसाठीही घे, तुला कधी धरायला मिळाली नाही."