पाठमोरी मंडई

‘तुमच्या मंडईत सगळे पाठमोरेच कसे?’ असं फोटोग्राफीच्या वर्गात माझा पुण्याच्या मंडईवरचा प्रकल्प पाहून सरांनी विचारलं, ते मी कौतुक समजलो. उत्तर तयारच होतं. चेहरा सगळं बोलून टाकतो, पाठ विचार करायला लावते! हे वाक्य मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. वर्गातली विशीतली पोरं भराभर काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, माझंच वाक्य. ती हजेरीच्या सह्या करत होती.

सर म्हणाले, युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉबर्ट कापाचं म्हणणं असं की फोटो चांगला येत नसेल तर तुम्ही पुरेसे जवळ गेलेले नसता. मी म्हटलं, कापा 1954 साली इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून गेला. जवळ जाण्याला काही मर्यादा असावी. पन्नाशीला टेकलेल्या विद्यार्थ्याचा हा फायदा असतो, सर वर्गाबाहेर काढत नाहीत.

दुसरा आक्षेप काळोखाचा. इथे कॅमेऱ्यातला मीटर समजून घेतल्याशिवाय माझ्यावरचा अन्याय कळायचा नाही. समोर काय आहे हे मीटरला दिसत नाही, फक्त उजेड कळतो. जगाची सरासरी काढली की ती राखाडीच येते, पडलेल्या उजेडातला 18 टक्के परत फेकणारी राखाडी, अशी त्याची ठाम समजूत. धोरण सोसायटीच्या चेअरमनसारखं : कुणी फार उजळायचं नाही, कुणी फार काळवंडायचं नाही. पांढरंशुभ्र धोतर दाखवा, मळवून देतो. काळीभोर म्हैस दाखवा, अशी फिकी करतो की मालक ओळखणार नाही. म्हणून धोतर पांढरं राखायचं तर एक्स्पोजर वाढवायचं आणि म्हैस काळी राखायची तर कमी करायचं. म्हणजे फ्लॉवरला अधिक, वांग्याला उणे. आणि दोन्ही एकाच टोपलीत असतील तर? या प्रश्नावर मी जेवताना सविस्तर बोललो. बायको म्हणाली, ‘एवढे मंडईत जाता, भाजी का आणत नाही?’

तर मंडईत गाळ्यागाळ्यावर बल्ब लोंबतो. मीटर त्याला बिचकतो, सगळं चित्र काळं करतो आणि खालचं माणूस अंधारात जातं. मी त्याला छायेची भाषा म्हणत होतो.

खरं म्हणजे मला माणसांची भीती वाटत होती. म्हणून महागडी दोनशे एमएमची लेन्स घेऊन मी खांबाआड उभा राहायचो. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत 1886 साली उघडलेली इमारत होती, तिला ज्यांचं नाव दिलं ते गव्हर्नर लॉर्ड रे होते, पुढे महात्मा फुल्यांचं नाव लागलं तेही होतं. कोथिंबीर विकणारी बाई तेवढी नव्हती.

तिनेच एकदा हाक मारली. ‘ओ साहेब, महापालिकेचे का तुम्ही?’ नाही म्हटल्यावर, ‘मग खांबामागनं काय काढताय? समोर या की.’ पदर सारखा केला, तराजू बाजूला सारला, जुड्यांवर पाणी मारलं, ताठ बसली आणि थेट लेन्समध्ये पाहिलं.

सर त्या फोटोला म्हणाले, ‘पोज दिलीय. सहजता गेली.’ इथे मात्र मला राग आला, अजूनही येतो. आपल्या घरच्या लग्नात आपण हनुवटी वर करून, पोट आत घेऊन, चार वेळा ‘अजून एक’ म्हणत फोटो काढून घेतो. तिथे सहजता कुणी मागत नाही. ती मागायची भाजीवालीकडे, हमालाकडे. त्यांनी बेसावध असलं पाहिजे, घाम पुसत असलं पाहिजे. आपण कसं दिसावं हे ठरवायची मुभा त्यांना दिली की म्हणे कला बिघडते. त्या बाईने आयुष्यात किती वेळा कॅमेऱ्यासमोर स्वतः ठरवून बसून पाहिलं असेल? हे मी वर्गात बोललो नाही. सह्या चालू होत्या.

प्रिंट तिला नेऊन दिली. तिने ती लांब धरून, मग जवळ धरून पाहिली.

‘मी बरी आलेय. पण कोथिंबीर शिळी दिसतेय, जरा हिरवी करा. आणि मागं ही शेजारणीची वांगी कशाला? तिची फुकट जाहिरात. ती कापा आणि दुसरी आणा. एवढी मोठी नको, पाकिटात मावेल अशी.’