‘मी मुद्दामच चुकलो होतो’ : वर्गात कोड लिहून दाखवणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

पहिला नियम असा की, प्रोग्राम वर्गात लिहायचाच नसतो. तो आदल्या रात्री घरी लिहायचा, दहा वेळा चालवून बघायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आत्ताच सुचतोय अशा चेहऱ्याने मुलांसमोर टाइप करायचा. अभियांत्रिकी आणि डिप्लोमाच्या कॉलेजांत नव्याने रुजू झालेल्यांना हे कोणी सांगत नाही. टीचिंग प्लॅन कसा भरायचा ते सांगतात, डिफॉल्टर लिस्ट कधी लावायची ते सांगतात, नॅकची समिती यायच्या आधी कोर्स फाइलला कसलं कव्हर घालायचं तेही सांगतात. मग एके दिवशी साठ-सत्तर मुलांपुढे प्रोजेक्टर लावून त्यांना उभं करतात, आणि ‘हॅलो वर्ल्ड’च्या तिसऱ्या ओळीवर बिचाऱ्यांची इभ्रत जाते. ती जाऊ नये, गेलीच तर मुलांना कळू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

इभ्रत भल्याभल्यांची गेलेली आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोतल्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स विंडोज ९८ दाखवायला उभे होते. सहकाऱ्याने स्कॅनरची वायर जोडली आणि सगळ्या जगासमोर निळा पडदा आला. अजून हे विकायला काढलं नाही ते याचसाठी, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. दोनेक महिन्यांत विंडोज ९८ बाजारात आलं आणि धडाक्यात खपलं. उलट डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तब्बल दीड तास माउस, हायपरटेक्स्ट, पडद्यावरचं संपादन असं सगळं दाखवलं आणि ते सगळं चाललं. तरी घरोघर कोणाचं नाव पोचलं ते आपण जाणतोच. तेव्हा फजितीला फार घाबरायचं कारण नाही. फक्त आपल्यामागे मायक्रोसॉफ्ट नसून एचओडी आहेत, हे ध्यानात असावं.

आता साधनसामग्री. प्रोजेक्टरला व्हीजीए लागतं, लॅपटॉपला एचडीएमआय असतं, आणि या दोघांची सोयरीक जमवणारा कन्व्हर्टर लॅब असिस्टंटच्या कपाटात असतो. कपाटाची किल्ली लॅब असिस्टंटच्या खिशात असते आणि लॅब असिस्टंट चहाला गेलेले असतात. त्यांना ‘भाऊ’ म्हणावं, मुलाच्या दहावीची चौकशी करावी. पगार एचओडी थांबवू शकत असतील, पण लेक्चर भाऊच थांबवू शकतात.

अक्षरं बारीक ठेवावीत. मागच्या बाकावरून ‘सर, दिसत नाहीये’ असा आवाज आला की ‘मग पुढे येऊन बसा’ म्हणावं. कोणी येत नाही. जे दिसत नाही त्यात चूक काढता येत नाही, हा बारीक अक्षराचा मोठा फायदा. याहून सुरक्षित उपाय म्हणजे काळी पार्श्वभूमी आणि तीवर गडद निळ्या रंगातल्या कॉमेंट. ज्या वर्गाच्या खिडकीला पडदा नाही (म्हणजे कोणत्याही वर्गात) तिथे दुपारी बाराच्या उन्हात फक्त कर्सर दिसतो. नवख्या माणसाने पहिलं वर्ष असंच काढावं.

व्हॉट्सॲप वेब मात्र न विसरता बंद करावं. लिंक्ड लिस्टचा नोड जोडत असताना कोपऱ्यात ‘येताना कोथिंबीर आणि पाव किलो भेंडी’ असं आलं, की त्या तासातलं मुलांना तेवढंच आठवतं, आणि तेही सेमिस्टरभर.

खरी कसोटी प्रोग्राम निवडण्यात आहे. आपल्याकडे परंपरेने फॅक्टोरियल काढतात आणि परंपरेने ५ चाच काढतात. उत्तर १२०. हे उत्तर अध्यापकाला पाठ असतं, मुलांना पाठ असतं, जर्नलमध्ये छापलेलं असतं, ओरल घ्यायला आलेल्या बाहेरच्या परीक्षकालाही तेच ऐकायची सवय असते. या १२० ला धक्का लावू नये. ‘कोणता नंबर घेऊ?’ असं वर्गाला विचारण्याचा मोह होईल, आवरावा. विचारलंत की खिडकीजवळचा एक मुलगा ‘आठ’ म्हणणार, म्हणजे म्हणणारच.

आणि आपल्या लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल. असतंच. बोरलँड कंपनीने १९८७ ते ९०च्या सुमारास काढलेली ही वस्तू आजच्या ६४-बिट विंडोजवर चालत नाही म्हणून डॉसबॉक्स नावाच्या खोट्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवून चालवतात. त्यात आठचा फॅक्टोरियल काढला तर पडद्यावर उणे २५२१६ येतं. धन संख्या एकमेकींशी गुणल्या आणि उत्तर ऋण! वर्ग एकदम जागा होतो. वर्षभरात न हाललेली मागची रांग मान वर करते.

हा क्षण अतिशय धोक्याचा आहे. कारण इथे थांबून कारण सांगायची इच्छा होते, आणि कारण आहेही सुंदर. टर्बो सीमध्ये इंटिजरला १६ बिट मिळतात. त्यात उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंतच आकडे मावतात. आठचा फॅक्टोरियल ४०३२०, तो मावत नाही, मग आकडा वळसा घालून ६५५३६ ने मागे येतो. ४०३२० वजा ६५५३६. करा वजाबाकी, येतं उणे २५२१६. फळ्यावर एवढं मांडलं तर मेमरी म्हणजे काय, टाइप कशाला सांगायचा, ‘लाँग’ का लिहायचं, हे सगळं पंधरा मिनिटांत मुलांच्या डोक्यात बसेल आणि मग उतरणार नाही. पण टीचिंग प्लॅनमध्ये त्या तासाला ‘लूप्स : २’ लिहिलेलं असतं. तेव्हा ‘हे पुढच्या युनिटमध्ये आहे’ असं म्हणून ५ टाकावा, १२० आणावं आणि पुढे सरकावं. खिडकीजवळच्या मुलाला त्या दिवसापासून भिंतीजवळ बसवावं.

एखाद्या कॉलेजात जीसीसीसारखा आधुनिक कंपायलर असतो. तिथले अध्यापक फार निर्धास्त असतात, कारण ३२ बिटांत १२ पर्यंतचे फॅक्टोरियल बरोबर येतात. १३ चा मात्र १९३२०५३५०४ येतो. खरा आहे ६२२७०२०८००. गंमत पाहा, उत्तर ऋण नाही, दहा आकडी भारदस्त आहे, कोणालाच शंका येत नाही. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि आपण सही करतो. मला विचाराल तर उणे उत्तर देणारा टर्बो सी यापेक्षा प्रामाणिक. पायथॉनवाल्यांना ही अडचणच नाही. तिथे १०० चा फॅक्टोरियलही १५८ आकड्यांसकट बिनचूक छापून येतो आणि शिकवण्यासारखं काही उरत नाही.

एवढी काळजी घेऊनही चूक होतेच. सातव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहतो, कंपायलर आठव्या ओळीवर बोट ठेवतो, आणि आपण आठव्या ओळीकडे बघत उभे राहतो. आठवी ओळ निर्दोष असते. ती पुसून पुन्हा तशीच्या तशी लिहावी, म्हणजे काहीतरी घडतंय असं वाटतं. या वेळात तोंडातून अवाक्षर काढू नये. ‘बघा बरं, कोणाला दिसतंय का’ एवढं म्हणून हाताची घडी घालावी आणि परीक्षा घेत असल्यासारखं वर्गाकडे बघावं. आपल्याला दिसत नाहीये ही गोष्ट यामुळे झाकली जाते. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच ‘सर, सेमीकोलन’ म्हणते. मग आपल्या व्यवसायातलं ते अजरामर वाक्य उच्चारावं : ‘व्हेरी गुड! मी मुद्दामच चुकलो होतो. कोणाचं लक्ष आहे ते बघत होतो.’

या वाक्याची एक मर्यादा आहे. ते एका तासात एकदाच चालतं. दुसऱ्यांदा म्हटलं तर मुलं हसतात आणि तिसऱ्यांदा तेच वाक्य आपल्या आधी मागच्या बाकावरून येतं. दुसऱ्या चुकीला व्हर्जनवर ढकलावं (‘तुमच्या लॅबमध्ये जुनं व्हर्जन दिसतंय’), तिसरीला नेटवर. प्रोग्रामला नेट लागत नसलं तरी चालतं.

पायथॉन शिकवणाऱ्यांनी एक वेगळा सापळा ओळखून असावा. पहिल्या आठवड्यात फासा टाकण्याचा खेळ करायचा ठरतो, त्यासाठी ‘रँडम’ मॉड्यूल लागतं, म्हणून अगदी सरळ मनाने आपण फाइलचं नाव ‘रँडम डॉट पीवाय’ ठेवतो. चालवली की पायथॉन सांगतो, रँडममध्ये ‘रँडइंट’ नावाचं काही नाही. पुस्तकात आहे, काल घरी चाललं होतं, इथे नाही! झालेलं इतकंच असतं की, मॉड्यूल शोधताना पायथॉन आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतो, तिथे त्याला आपलीच फाइल सापडते आणि आपण आपल्यालाच आयात करून बसतो. स्पेलिंग तपासण्यात वीस मिनिटं सहज जातात. अशा वेळी वर्गाला ‘पायथॉन रि-इन्स्टॉल करावं लागेल’ असं सांगून तास सोडण्याची पूर्वापार पद्धत होती. पण २०२४ साली आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून पायथॉन स्वतःच सुचवू लागला आहे की, तुमच्या फाइलचं नाव मॉड्यूलसारखंच आहे, बदलून बघा. अशा सुधारणांमुळे अध्यापकाला तोंड लपवायला जागा राहत नाही. लॅबमध्ये जुनी आवृत्तीच ठेवावी.

सगळ्यांत महत्त्वाचं पथ्य म्हणजे मनातलं बोलू नये. ‘इथे एक व्हेरिएबल घेऊ... नको, आधी लूप लिहू, मग कळेल काय काय लागतंय... हे चुकलं, एक जास्त फिरतंय, इथे एक छापून बघू या’ असं काही मुलांच्या कानावर पडता कामा नये. आज मुलांची अशी श्रद्धा आहे की, प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ खाली उतरतो आणि तसा तो फक्त सरांनाच उतरतो. टीव्हीवरच्या पाककृतीत ताई कढई झाकतात आणि ओट्याखालून तयार उंधियो काढतात, तेवढ्याच सफाईने आपण तयार प्रोग्राम काढतो म्हणून ही श्रद्धा टिकून आहे. लिहिणारा माणूसही अडखळतो, मागे जातो, खोडतो, छापून बघतो हे एकदा कळलं, तर उद्या ती मुलं घरी बसून स्वतःचे प्रोग्राम लिहायला लागतील. मग जर्नल कोण उतरवून काढणार?

हे उलटं करणारे लोक जगात आहेत. १९९८ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी शास्त्रज्ञांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ सुरू केली. त्या परंपरेत शिकवणाऱ्याने स्लाइड बाजूला ठेवून वर्गासमोर टाइप करायचं, मुलांनी बरोबरीने टाइप करायचं, आणि चूक झाली की ती लपवायची सोडून सगळ्यांसमोर मोठ्याने बोलत सोडवायची! वर प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या देतात. जमलं तर एक रंग लॅपटॉपला लावायचा, अडलं तर दुसरा, म्हणजे मदतनीस तिकडे जातो. आपल्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तीन मुलं असतात. एक टाइप करतो, दुसरा सांगतो, तिसरा मोबाइलमध्ये असतो. चिठ्ठी कोणाला लावणार?

अलीकडे एडिटर स्वतःच पुढचं लिहून दाखवू लागले आहेत. आपण फंक्शनचं नुसतं नाव टाइप करतो आणि खाली करड्या अक्षरांत अख्खं फंक्शन हजर. आपल्या आधी ते मुलांना दिसतं, आणि मग सर टाइप का करतायत असा प्रश्न साठ चेहऱ्यांवर उमटतो. ही सोय वर्गात जायच्या आधी बंद करावी. ज्यांच्याकडे टर्बो सी आहे त्यांना हा त्रास नाही. त्या निळ्या पडद्याने आजवर कोणाला काही सुचवलेलं नाही.

एवढं सगळं करून तास हातातून निसटलाच, तर लाइट जाण्याची वाट बघावी. उन्हाळ्यात फार वेळ बघावी लागत नाही. लाइट गेली की मोठा निःश्वास टाकून ‘आता चालणारच होता’ असं म्हणावं. याला पुरावा लागत नाही.

राहता राहिला मुलांचा प्रश्न. त्यांची फारशी चिंता नको. लेखी परीक्षेत हाच प्रोग्राम चार-सहा गुणांना येतो. तो निळ्या किंवा काळ्या पेनाने कागदावर लिहायचा असतो, आणि तपासणारा तो चालवून बघत नाही.